सातारची फीत

“साहेब, ह्या खुर्चीवर बाई बसली तर मशीन बंद पडतं का?”

विचारला आक्कीनं, पण प्रश्न तिचा नव्हताच मुळी. तो शालूचा आणि हरणाचा. दहावीच्या मुलींची सहल कुपवाडच्या पंपांच्या कारखान्यात आली होती. लेथ बघून झाले, भट्टी बघून झाली, सगळ्यांना वेण्यांपर्यंत काजळी लागली आणि मुली ऑफिसात शिरल्या, तर तिथं औषधाला एक बाई दिसेना. झाडू मारणारासुद्धा मिशीवाला! शालूनं आक्कीच्या कमरेला चिमटा काढला. “इचार की गं. न्हाई इचारलंस तर उद्यापास्नं तुझं नाव भागूबाई.”

वर्षभरापूर्वी असं कुणी डिवचलं असतं तर आक्कीनं भागूबाई हे नाव मुकाट घेतलं असतं. तेव्हा ती शेवटच्या बाकावर बसायची आणि हजेरीला “हजर” सुद्धा शेजारणीला ऐकू येईल एवढ्याच आवाजात म्हणायची. पण दिवाळीच्या सुट्टीत ती टायपिंगच्या क्लासला गेली आणि तिची बोटं अशी काही पळायला लागली, की क्लासचे सर मोठ्या मोठ्या बाप्यांना बोलावून म्हणायचे, “बघा, बघा जरा.” बोटांमागून आवाज मोठा झाला. आवाजामागून मान वर झाली. त्या वर आलेल्या मानेनंच तिनं प्रश्न विचारला, आणि दाराशी सुटे भाग घेऊन आलेल्या जोतीरामाची मान मात्र खाली गेली. जोतीराम त्याच कारखान्यात टर्नर होता, आणि आक्कीचा बाप होता.

कारखान्याचे मालक आप्पासाहेब पोट हलवून हसले. “मशीन बंद पडत न्हाई पोरी. पण चालतंय तरी कुठं? हे बघ.”

त्यांनी टेलेक्स यंत्रातून एक कागद ओढून काढला. कागदावर एकच ओळ होती, आणि ती ओळ म्हणजे नुसता काळा पट्टा. अक्षरावर अक्षर, त्यावर अक्षर. मधे तर कागद फाटला होता.

“हे सातारचं,” आप्पासाहेब म्हणाले, आणि बाकीचं त्यांनी असं सांगितलं, जसं घरातल्या नाठाळ पोराचं गाऱ्हाणं सांगावं. त्यांचा दुसरा कारखाना साताऱ्यात. तिथं अजून टेलेक्सची लाइन आलेली नाही, फक्त एक जुनं यंत्र आहे. त्याच्यावर टाइप केलं, की अंगठ्याएवढ्या रुंद कागदी फितीला भोकं पडतात, एकेका अक्षराची वेगवेगळी. ती फीत गुंडाळून डब्यात घालायची, एस.टी.च्या कंडक्टरजवळ द्यायची. सांगली स्टँडवर डबा उतरवून घ्यायचा. फीत इथल्या यंत्रात घातली, की मजकूर इथं छापायचा आणि तारेवरून मुंबईला जायचा. अशी सोय.

“पण सातारच्या यंत्राला ओळ संपली की एकच बटण. अक्षरं छापत जाणारा गाडा पण मागं येतो आनि कागद पण वर सरकतो. आमचं हे यंत्र शिष्ट. ह्याला दोन बटणं. गाडा मागं आणायचं येगळं, कागद सरकवायचं येगळं. सातारची फीत ह्याला नुसतं ‘मागं ये’ म्हणून सांगती. ‘कागद सरकव’ म्हणून सांगतच न्हाई. मग ते बसतंय आपलं एकाच ओळीवर कुटत.” त्यांनी रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर थाप मारली. “हितला माणूस वैतागून पुण्याला गेला. बस तू. बस की! सातारच्या फिती जी सरळ छापून दाखवील, तिची ही खुर्ची. दहावी झाली की ये आनि बस.”

आक्की बसली. यंत्र बंद पडलं नाही. शाळेच्या बाईंनी टाळ्या वाजवल्या, मुलींनी वाजवल्या, झाडूवाल्यानं पण वाजवल्या. उठायच्या आधी आक्कीनं ती दोन बटणं फितीवर दाबून घेतली, कोणत्या बटणानं कुठं भोक पडतं ते बघायला. आणि जाता जाता म्हणाली, “साहेब, ही फुकट गेलेली फीत मी नेऊ?”

“ने. वेणीला बांध,” आप्पासाहेब म्हणाले.

वेणीला कशाला बांधेल? घरी आल्या आल्या तिनं फीत व्हरांड्यातल्या दोरीवर वाळत घातल्यासारखी पसरली. फितीच्या अंगावरून बारक्या भोकांची एक रांग सलग जाते, यंत्राचं दातेरी चाक फीत ओढतं ते त्यांच्यात अडकून. त्या रांगेच्या एका अंगाला अक्षराची तीन भोकं मावतात, दुसऱ्या अंगाला दोन. गाडा मागं आणायचं भोक तीनच्या बाजूला, मधलं. कागद सरकवायचं भोक दोनच्या बाजूला, आतलं. एवढं तर तिनं कारखान्यातच हेरलं होतं. आता ओळीमागून ओळ चाचपत तिला आणखी एक गोष्ट दिसली आणि ती दोरीखालीच उडी मारून ओरडली, “आई गं! कोरी सोडलीया!”

साताऱ्याचा माणूस मोठा सवयीचा. ओळ संपवली, की गाड्याला मागं यायला सवड मिळावी म्हणून तो दर वेळी एक जागा कोरी सोडायचा. तिथं नुसती बारकी भोकं, अक्षर नाही. म्हणजे नवीन काही घुसवायला नको, फीत कापायला नको, चिकटवायला नको. त्या कोऱ्या जागेत, दोनच्या बाजूला, आतलं, एक भोक पाडायचं. बस्स. फीत ‘कागद सरकव’ म्हणायला लागली.

“येडी का खुळी तू,” आई म्हणाली. चंद्राबाई भाकरी थापत होती. “कागदाला भोकं पाडून कुणाचं पोट भरलंय?”

सुईनं पाडलेलं भोक फाटायचं. पोत्याच्या दाभणानं पाडलेलं आडवंतिडवं व्हायचं. जोतीराम दोन दिवस बघत राहिला. तिसऱ्या दिवशी त्यानं कामावरून येताना रुमालात काहीतरी गुंडाळून आणलं. पोलादाचा करंगळीएवढा पंच, आणि खाली धरायला भोकाची पट्टी. लेथवर त्यानं स्वतः वळून केलेली.

“बघ गं, बसतंय का.”

बसलं. टक्! मोहरीएवढी कागदाची टिकली उडून पडली आणि भोक असं गोल, की यंत्रानं पाडलं की माणसानं, ओळखू येऊ नये. जोतीरामानं फीत उजेडाला धरली. “धार अजून चढवतो,” म्हणाला. “माझ्या आक्कीचं हत्यार हाय, बोथट कसं चालंल?” मग बाप-लेक मांडीला मांडी लावून बसली. तो फीत ताणून धरायचा, ती ठोकायची. आक्कीला एवढं सुख कधी झालं नव्हतं. गॅदरिंगमध्ये नंबर आला तेव्हासुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी तिची शाळा होती, म्हणून फीत जोतीरामानं, तिच्या आबांनीच, कारखान्यात नेली.

संध्याकाळी आबा पेढे घेऊन आले. पुडा त्यांनी आक्कीच्या हातात दिला नाही. देवापुढं ठेवला, आणि मग सोडून पहिला पेढा दिला तो हंबीररावाला.

हंबीरराव आक्कीचा थोरला भाऊ. मनानं सोन्यासारखा, अंगानं खांबासारखा, आणि मॅट्रिकला असा अडकलेला, की अकरावीची मॅट्रिक बंद होऊन दहावी आली तरी हा आपला तिथंच. तालमीतून येऊन पाय धूत होता. “कशाचे हो आबा?”

“सोमवारपास्नं कामावर यायचं. टेलेक्सवर.”

आक्की हसलीच आधी. तिला वाटलं चेष्टा. “आबा, दादाला ए कुठं आनि बी कुठं ते तरी ठावं हाय का?”

जोतीराम चपला काढत बसला. त्या चपला काढायला त्याला फार वेळ लागला. “फीत छापली. अगदी सरळ, ओळीखाली ओळ. साहेब लय खूश. म्हणले, पोरगं हुशार हाय जोतीराम तुझं.”

“मग तुमी काय म्हणलासा?”

“मी काय म्हणणार? मान हलली.”

“कुणीकडं हलली?”

“आक्के!” आईनं आतून दटावलं. “बापासंगं असं बोलत्यात?”

“साहेबांनी मला सांगितलं हुतं! समद्या वर्गासमोर! तिची खुर्ची म्हणलं हुतं त्यांनी, तिची!”

“मोठी माणसं बोलत्यात गं पोरींच्या कौतुकानं,” जोतीराम म्हणाला. “त्यांच्या ध्यानात बी न्हाई. आनि तू किती दिस बसणार त्या खुर्चीत? उद्या सासरी जाशील. हंबीरला जलमभर पुरंल. आपल्याच घरात आली की खुर्ची. भाईर का गेलीया?”

हंबीररावानं पेढा अर्धा तोडून तिच्यापुढं केला. तिनं घेतला नाही. तो अर्धा पेढा बराच वेळ त्याच्या तळहातावर होता, मग त्यानंच खाल्ला.

आणि सुरू झालं. आक्की सकाळची शाळा सुटून घरी यायच्या सुमारास सातारचा डबा स्टँडवर उतरायचा, हंबीरराव सायकल मारत जाऊन तो घ्यायचा आणि कारखान्याआधी घरी यायचा. आक्की एका हातानं जेवायची, एका हातानं ठोकायची. टक्, टक्, टक्. हंबीरराव समोर उकिडवा बसून टेरिलीनच्या शर्टावर आमटी सांडू नये म्हणून मान पुढं काढून जेवायचा आणि म्हणायचा, “झालं का गं? साहेब वाट बघत्यात.” कागदाच्या टिकल्या तिच्या परकराला, वहीला, केसांना चिकटलेल्या असायच्या. शाळेत हरणा विचारायची, “खुर्ची कवा गं तुझी?” आक्की म्हणायची, “दहावी झाल्यावर.” पहिल्यांदा म्हणाली तेव्हा खोटं बोलल्यासारखं वाटलं. पुढं काहीच वाटेना, आणि ते जास्त वाईट होतं.

शालू मात्र ऐकणारी नव्हती. एकदा मधल्या सुट्टीत म्हणाली, “तुझा दादा चौकात सांगत हुता, त्यानं काय तरी युक्ती काढलीया म्हणून. कसली गं युक्ती?”

“मला काय ठावं,” आक्की म्हणाली, आणि डबा न खाताच झाकण लावलं.

पूर्वपरीक्षेच्या वेळी एकदा ती घरी नव्हती. पेपर दुपारभर होता. हंबीररावाला लाज वाटली असावी, कारण त्या दिवशी त्यानं स्वतः पंच घेतला आणि ठोकत बसला. संध्याकाळी तो काळाठिक्कर पडून आला. यंत्रानं पुन्हा काळा पट्टा छापला होता. आक्कीनं फीत बघितली आणि कपाळावर हात मारला. त्यानं फीत उलटी धरली होती. दोनच्या बाजूचं, काठापासून दुसरं भोक तीनच्या बाजूला काठापासून दुसरं पडलं, आणि ते तर गाडा मागं आणायचं! प्रत्येक ओळीला यंत्र दोनदोनदा मागं आलं, वर मात्र एकदाही सरकलं नाही.

“साहेब काय म्हणलं?”

“काय न्हाई,” हंबीरराव म्हणाला. “हसलं. म्हणलं, उद्या नीट आण.” मग खाली बघत, “मला जमत न्हाई गं आक्के. तूच कर बाई.”

त्याच्यावर रागावता आलं असतं तर बरं झालं असतं.

उन्हाळा लागायच्या तोंडाला उंब्रजची मंडळी हंबीररावाला बघायला आली. मुलीचे वडील, चुलते, आणि मुलगी बनुबाई स्वतः. मुलगी बघायला मुलाकडच्यांनी तिकडं जायची रीत, पण चुलत्यांचं सांगलीला हळदीचं काम होतं म्हणून सगळेच आले, आणि त्यांना मुलाची नोकरीही बघायची होती. हंबीरराव नवा शर्ट घालून चटईवर बसला आणि यंत्राबद्दल बोलायला लागला. मुंबई कशी मिनटात बोलते, मद्रास कसं बोलतं. चुलते म्हणाले, “आनि ते सातारचं काय तरी तुमी सुधारलं म्हणं?” हंबीररावानं एकदा आतल्या दाराकडं बघितलं. “व्हय,” म्हणाला. “थोडी युक्ती हाय.”

आत आक्की पोह्यांवर खोबरं घालत होती. बनुबाई पाणी प्यायला आत आली. शेलाटी, गव्हाळ, आक्कीपेक्षा दोनेक वर्षांनी मोठी असेल. तिनं तांब्या ठेवला आणि आक्कीच्या वेणीतनं काहीतरी उचलून बोटावर धरलं. पांढरी, मोहरीएवढी टिकली.

“हे कुठलं?”

“कागुद हाय.”

बनुबाईनं फळीकडं बघितलं. डब्यांच्या मागं पंच होता, पट्टी होती, आणि दुपारची फीत अर्धवट लोंबत होती. ती हुशार होती. कऱ्हाडला टायपिंगची परीक्षा दिलेली, हे तिच्या वडिलांनी चटईवर मघाशीच सांगितलं होतं आणि कुणी नवल केलं नव्हतं. तिनं फितीला हात लावला नाही. हळूच विचारलं, “खुर्चीत ते बसत्यात, आनि हे तुमी करता?”

आक्कीनं खोबरं घालणं थांबवलं नाही.

“मग मी आल्यावर हे मला करायला लागंल का?”

बाहेरून हाक आली, “पोहे आणा गं!” आक्की ताटल्या घेऊन गेली. परत आली तेव्हा बनुबाई पदर सावरून बाहेर गेली होती. प्रश्न तिथंच राहिला.

मंडळी गेल्यावर चंद्राबाईनं लेकीच्या पाठीवरून हात फिरवला. किती दिवसांनी फिरवला! “लय नशिबाची हायस तू. सून शिकलेली मिळाली. आली की तिला शिकव तुझं ते ठोकायचं. तवर दोन वरीस तुझं लगीन आमी काढत न्हाई. तुझ्या मनासारखं झालं न्हवं?”

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर आक्की शालूला न सांगता, हरणाला न सांगता, एकटीच कुपवाडला गेली. चालत. ऑफिसात हंबीरराव नव्हता, मालाची गाडी मोजायला गेला होता. खुर्ची रिकामी होती. आप्पासाहेब चहा बशीत ओतत होते.

“साहेब, मला वळखलं का?”

“जोतीरामची न्हवं तू? ये की.”

“तुमी म्हणला हुता, सातारच्या फिती जी सरळ छापील तिची ही खुर्ची. त्या मी करते. पहिली बी मीच केली. दादा न्हाई.”

हे सांगायला ती वाटभर शब्द जुळवत आली होती. तिला वाटलं होतं, साहेब चमकतील, बशी सांडतील, आबांना हाक मारतील, काहीतरी होईल. आप्पासाहेबांनी चहा फुंकला.

“मला ठाऊक हाय की.”

“कवापास्नं?” आक्कीनं विचारलं.

“हंबीर उलटी फीत घेऊन आला त्याच दिशी कळलं. त्याला इचारलं, कुठल्या बाजूचं भोक रं? तर माझ्याच तोंडाकडं बघाय लागला. मग म्हणलं, घरात दुसरं कोण असणार? तूच ती प्रश्न इचारणारी.” ते प्रेमानं हसले. खरंच प्रेमानं. तेच तिला जास्त लागलं. “पण हे बघ, काम तर हुतंय न्हवं? तुला बसवली असती तर लगीन होऊन गेली असतीस आनि आमी परत तिथंच. आता बरं हाय. तू घरी, तो हितं. तुझ्यामागं सून येईल. शिकलेली काढलीया म्हणं जोतीरामनं. मीच म्हणलं हुतं त्याला, टायपिंग आलेली बघ.”

“तुमी म्हणला?”

“मग! चहा घेणार?”

तिनं चहा घेतला नाही. खुर्चीला नुसतं एकदा हात लावला. त्याच पाठीला, जिथं साहेबांनी थाप मारली होती. मग ती घरी आली. वाटेत उसाच्या गाड्या, धुरळा, सायकलींच्या घंटा. तिला रडू येईल असं वाटत होतं, पण आलं नाही. टायपिंग आलेली सून बघ असं आबांना साहेबांनीच सांगितलं होतं, म्हणजे साहेबांना माहीत आहे हे आबांनाही माहीत होतं. आईला माहीत होतं. दादाला माहीत होतं. सगळ्यांना माहीत होतं, आणि ती खुळ्यासारखी आपलं गुपित वाहत होती.

घरी उंब्रजला जायची तयारी चालली होती. उद्या सुपारी फोडायची. चंद्राबाई साडीच्या घड्या करत होती, जोतीराम नारळाची शेंडी सोलत होता. हंबीररावानं येताना आणलेली फीत नेहमीच्या जागी, फळीवर, डब्यात होती.

“आलीस का? तेवढी फीत उरक,” आई म्हणाली. “उद्या सकाळी हंबीर जाताना देऊन जाईल.”

आक्कीनं डबा उघडला नाही. तिनं फळीवरून पंच काढला, पट्टी काढली, परकराच्या टोकाला पुसली आणि आपल्या दप्तरात ठेवली.

“आबा, हे तुमी माझ्यासाठी केलं हुतं न्हवं?”

जोतीरामाचा हात नारळावर थांबला. “व्हय.”

“मग हे माझ्याजवळ राहील. फीत आजपास्नं मी करणार न्हाई. परीक्षा झाल्यावर बी न्हाई, तुमी मारलं तरी न्हाई. साहेबांना म्हायती हाय, तुमाला बी म्हायती हुतं, समदं मला आज कळलं.”

“आगं, त्याची नोकरी जाईल!” आई घडी टाकून उठली. “उद्या सुपारी हाय! त्या लोकांस्नी काय सांगायचं आमी?”

“तुमी काय सांगू नगासा,” आक्की म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण हजेरीचाही नव्हता. “उद्या मी बी उंब्रजला येणार हाय. बनुबाईनं मला एक प्रश्न इचारलाय, आल्यावर हे ठोकायचं तिला करायला लागंल का म्हणून. त्याचं उत्तर मी देणार, सुपारी फुटायच्या आधी.”